शाळेतला रेडिओ: माइकसमोर मुलं काय शिकतात?

नागपुरात आकाशवाणी १९४८ पासून आहे. शाळेतल्या रेडिओला मात्र तेवढा पसारा लागत नाही; एक मोबाइल आणि शांत खोली पुरते. फोन तोंडापासून वीतभर लांब, वाक्यं छोटी. ‘बाजारात गर्दी होती’ असं सांगण्यापेक्षा सीताबर्डीतल्या विक्रेत्याची आरोळी ऐकवली की बाजार उभा राहतो.

अवघड भाग भाषेचा. नागपूरचं मूल ‘मी येऊन राहिलो’ म्हणतं. ते ‘येतोय’ करायला लावलं, की बोलकं मूलही माइकसमोर गप्प होतं. गोष्टीत, मुलाखतीत बोली तशीच राहू द्यावी.

शाळेच्या लाउडस्पीकरवर कार्यक्रम ऐकवायला प्रसारणाचा परवाना लागत नाही, एफएमसाठी लागतो. कम्युनिटी रेडिओसाठी शिक्षणसंस्था अर्ज करू शकतात, २००६ पासून सामाजिक संस्थाही. स्वतः तयार केलेल्या बातम्या मात्र तिथे देता येत नाहीत.