जनुकाक्षरांची खतावणी

केडगावास तीर्थरूपांच्या आडतीच्या दुकानात दिवसाची किर्द रात्री खतावणीत उतरविली जाई, आणि किर्दीत महिना-महिन्याच्या अंतराने विखुरलेले एकाच असामीचे व्यवहार तेथे एका पानावर लगत आलेले पाहून मला बालपणी जो विस्मय वाटे, तोच पुढे जनुकशास्त्रातील एका गणनरीतीची कुळकथा वाचताना पुन्हा जागा झाला.

डीएनए हा चार अक्षरांचा लेख असून मानवात त्याची लांबी सुमारे 3 अब्ज अक्षरे भरते. उच्च जीवांच्या या लेखात पुनरुक्ती विपुल आहे, हे ब्रिटन व कोहन यांनी 1968 साली दाखविले, तेही एक अक्षर न वाचता: तापवून विलग केलेले धागे पुन्हा जुळण्यास किती वेळ लागतो एवढेच त्यांनी मोजले, कारण ज्या मजकुराच्या प्रती अधिक, त्यास जोडीदार लवकर भेटतो. याच मार्गाने प्रभाकर रांजेकर यांनी सहकाऱ्यांसह 1974 साली राय या धान्यातील पुनरावृत्त डीएनएचे वर्णन केले, आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वनस्पतींच्या जनुकसंचाचे संशोधन चालविले.

परंतु पुनरुक्ती नेमकी कोठे, हे सांगण्यास लेखच वाचावा लागतो. आणि प्रत्येक स्थानाची प्रत्येक स्थानाशी रुजवात घालू म्हटले, तर 9 वर 18 शून्ये इतक्या रुजवाती होतात. 1973 साली पीटर वायनर यांनी प्रत्येक अक्षरापासून अखेरपर्यंतच्या सर्व शेपट्या एका वृक्षात गुंफल्या, आणि तेही लेखाच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घेऊन. तो वृक्ष जागा फार अडवी. म्हणून मँबर व मायर्स यांनी 1990 साली केवळ शेपट्यांची अकारविल्हे यादी पुरेशी मानली. सीना नदीच्या पाण्याची 'खळखळ' घ्या: तिच्या शेपट्या क्रमाने लावल्या की 'खळ', 'खळखळ', 'ळ', 'ळखळ' अशी फेरिस्त होते, आणि दोनदा आलेला 'खळ' आपोआप शेजारी उभा राहतो. शोधावे काही लागतच नाही! पुढे बरोज व व्हीलर यांची 1994ची अक्षरांची फेरमांडणी आणि तीत दाबलेल्या रूपातच शोध घेण्याची फेराजिना व मान्झिनी यांची 2000 सालची युक्ती, यांमुळे मानवाची ही खतावणी साध्या संगणकातही मावू लागली.

मानवी लेखात सुमारे 300 अक्षरांचा 'आलू' नावाचा खंड 10 लाखांहून अधिक वेळा येतो, मात्र कालौघात त्याच्या प्रती परस्परांपासून किंचित ढळल्या आहेत. त्यामुळे यादीत तंतोतंत जुळणारा लहान तुकडा बीज म्हणून घेऊन दोन्ही बाजूंनी जुळणी वाढवावी लागते, जसे एकाच असामीचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले गेले असता तीर्थरूप गावाचे नाव पाहून ती दोन खाती हाताने एक करीत.