घोडा कुणाचा?

‘रोम: टोटल वॉर’ हा संगणक-खेळ २००४ साली आला आणि हस्ताती, प्रिन्सिपेस, त्रिआरी ही लॅटिन नावं शाळकरी पोरांच्या तोंडी बसली. पुढं २००९च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठ्यांची सत्ताही खेळायला मिळाली. अशा खेळांत तुकडी ओळखायची ती हत्यारावरून. भाला कुणाकडे, तलवार कुणाकडे, बंदूक कुणाकडे, ते पाहायचं. खजिन्यातून पैसे वळते झाले की तुकडी हजर. रोमन पायदळापुरतं हे बऱ्यापैकी चालून जातं. मराठी घोडदळाला मात्र ही वाटणी लागू पडत नाही. तिथं भाला आणि तलवार बहुतेकांकडे असायचीच. स्वाराची जात ठरायची एका हिशेबी प्रश्नावर: तो बसलाय तो घोडा कुणाचा?

सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा बारगीर. घोडा सरकारचा, दाणावैरण सरकारची, स्वाराला ठरलेला पगार. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा शिलेदार. घरचं चांगलं असेल तर तो आपल्या पदरी आणखी घोडे आणि बारगीरही ठेवी. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या अखेरीची घोडदळाची गणती आहे: पागेचे पंचेचाळीस हजार आणि शिलेदार साठ हजार. संख्येनं शिलेदार जास्त, तरी जोर पागेचा. सभासद सांगतो, की महाराजांनी पागा बळकट केली आणि शिलेदारांना तिच्या हुकमात ठेवलं, म्हणजे कुणाला डोकं वर काढता येऊ नये. ज्याच्या दाराशी स्वतःचे शंभर घोडे बांधलेले असतात, तो उद्या दुसऱ्या धन्याकडे जाऊ शकतो. बारगिराला ती सोय नाही.

पागेची रचना खेळणाऱ्यांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमले मिळून हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. नेताजी पालकर, प्रतापराव गुजर, हंबीरराव मोहिते हे ते सरनोबत. पण सगळ्यांत बोलकी नोंद तळाशी आहे: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. एक पाणी वाहणारा, एक नाल ठोकणारा. ही दोन माणसं कुठल्याच खेळाच्या पडद्यावर दिसत नाहीत, आणि त्यांच्यावाचून आठ महिन्यांची मुलूखगिरी आठ दिवसही चालली नसती.

चिपळूणजवळ हलवर्णच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी १६७३ साली लिहिलेलं पत्र याच काळजीनं भरलेलं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच उधळलंत तर पुढं घोडे उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेकडून ओरबाडू लागाल आणि रयतेला मोगल बरा वाटेल. पुढं तर ते थेट दिव्यापर्यंत येतात. रात्री दिवा तसाच ठेवून झोपू नका. उंदीर जळती वात पळवेल, गवताची गंज पेटेल, एक काडी उरणार नाही. राज्य उभं करणारा माणूस गवताच्या गंजीपाशी वाकून पाहतोय, हे त्या पत्रात लख्ख दिसतं. तिथला प्रत्येक घोडा सरकारी जमाखर्चातला होता.

रोमलाही हा प्रश्न चुकला नव्हता. सुरुवातीच्या रोमन स्वारांना घोडा घ्यायला आणि पोसायला सरकारातून पैसा मिळे. तो सार्वजनिक घोडा, आणि सेन्सॉर नावाचे अधिकारी त्याची तपासणी करत. लिव्ही या इतिहासकारानं लिहिलंय, की वेई शहराला वेढा चालू असताना इसवी सनापूर्वी ४०३ साली काही सधन नागरिक पुढं आले आणि स्वतःच्या घोड्यावर लढायला तयार झाले. आपल्याकडचे बारगीर आणि शिलेदार इथं जवळपास तसेच्या तसे भेटतात.

आता हाच प्रश्न वऱ्हाडातल्या एका गावाकडून पाहू. कामरगाव हे वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं गाव. घोडा कुणाचा आणि त्याचा खर्च कुणावर, या प्रश्नाचं ओझं या मुलखानं फार काळ वाहिलं. कारंजा ही व्यापाऱ्यांची श्रीमंत पेठ होती. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर मराठी फौज वऱ्हाडात घुसली आणि तिनं कारंजा लुटलं. सोनं, चांदी, उंची कापड चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेलं, अशी हकिकत जदुनाथ सरकारांच्या ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ या इंग्रजी ग्रंथात आहे. हा माल स्वारांच्या खिशात जायचा नव्हता. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी होई, परतल्यावर झडती होई आणि जास्तीचं निघालं तर ते पगारातून वळतं होई.

ही शिस्त पुढं टिकली नाही. अठराव्या शतकात वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल सुरू झाला. एकाच गावाच्या उत्पन्नावर दोन दरबारांचा हक्क. फौजांचं रूपही बदललं: शिलेदारांची चढती, जोडीला अरब शिबंदी, कवायती पलटणी, पेंढारी. घोडा हीच ज्याची सगळी पुंजी, त्या शिलेदारानं तोफांच्या तोंडी तो का घालावा? घोडा मेला की त्याची चाकरी संपली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याकडच्या अडगावला भोसले-शिंदे यांची फौज इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीसमोर हरली. मराठी तोफांनी सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीच्या काही पलटणी उधळल्या होत्या, पण डाव साधता आला नाही. पुढच्याच महिन्यात गाविलगडचा किल्ला पडला.

यानंतरचा भाग सहसा सांगितला जात नाही, आणि वऱ्हाडानं तो विसरू नये. हैदराबादच्या निजामाला इंग्रजांच्या अंमलाखालची ‘कंटिन्जंट’ फौज पोसावी लागे. तिचा पगार थकला, कर्ज चढलं आणि २१ मे १८५३च्या तहानं निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. म्हणजे इथल्या काळ्या जमिनीचा सारा एका फौजेच्या पगाराला लावून दिला गेला. कामरगावच्या कुणब्यानं भरलेल्या पैशातून एलिचपूर, हिंगोली, जालन्याच्या छावण्या चालल्या. आजचं परतवाडा त्या एलिचपूरच्या छावणीभोवती वाढलेलं गाव.

आणि या कंटिन्जंटचं घोडदळ चालायचं शिलेदारी पद्धतीनं! इंग्रजांना ती स्वस्त पडे, म्हणून त्यांनी ती उचलली आणि आपल्या हिंदी घोडदळात दूरवर नेली. भरती होणारा जवान रक्कम भरी. तिला असामी म्हणत. त्यातून त्याला घोडा आणि सरंजाम मिळे, आणि नोकरी सोडताना रक्कम परत. १९०३ साली कंटिन्जंटच्या पलटणी हिंदी लष्करात मिसळल्या. त्यांतलीच एक विसावी डेक्कन हॉर्स. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, हाय वुडपाशी, तिनं भाले सरसावून मशीनगनच्या माऱ्यात धाव घेतली.

त्या पहिल्या महायुद्धानंच शिलेदारी संपवली. समुद्रापार मेलेल्या घोड्याच्या जागी नवा घोडा उभा करणं पलटणीच्या फंडाला झेपेना, तेव्हा घोडे आणि सरंजाम सरकारनं पुरवायला घेतलं. युद्धानंतर, १९२१च्या सुमारास, पद्धत रीतसर बंद झाली आणि हिंदी घोडदळातला प्रत्येक स्वार बारगीर झाला.