भुर्जीपावाचं कूळ ताडीत

शेवटच्या विरार लोकलची माणसं उतरली की स्टेशनाबाहेरच्या भुर्जीच्या गाडीवर एकदम झुंबड उडते. त्यात हॉटेलातली पाळी संपवून आलेला वेटर असतो, सिक्युरिटी गार्ड असतो, आणि बार बंद झाल्यावर तरंगत आलेली मित्रमंडळीही असतात. मागणी बहुतेकांची एकच: "भाऊ, डबल, कडक, चार पाव." तव्यावर तेल तापतं, बारीक चिरलेला कांदा आणि हिरवी मिरची पडते, मग टोमॅटो, हळद, तिखट, मीठ. दोन अंडी तव्याच्या कडेवर फुटतात आणि उलथन्याचा खडखडाट सुरू होतो. अंड्याचे कण सुटे होऊन त्यांना तेल सुटेपर्यंत तो थांबत नाही. मग भुर्जी बाजूला सारून त्याच तव्यावर, त्याच मसाल्यात, उघडलेला पाव दाबला जातो.

दारूनंतरचं खाणं म्हणून या बशीकडे बघून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ती आमच्या वसई-विरारच्या मातीतल्या जुन्या घराण्याची वाटते. कारण तिच्यातला पाव या किनाऱ्यावर आला तो दारूचं बोट धरूनच.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना तोडून दिला. पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत, दोनशेहून जास्त वर्षं, इथे पोर्तुगिजांचं राज्य होतं. किल्ल्यात चर्च होती, मठ होते, बागा आणि वाडे होते, आणि तिथे राहणाऱ्या पोर्तुगिजांना पावाशिवाय जेवल्यासारखं वाटत नव्हतं. कणीक मळता येत होती, भट्टी बांधता येत होती. प्रश्न आंबवणाचा होता. युरोपातलं आंबवण कुठून आणायचं? त्याचं उत्तर या किनाऱ्यावर झाडाच्या शेंड्याला लटकत होतं. गोव्यात पदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, माडाची सूर पिठात घातली. इकडे उत्तर कोकणात हाताशी ताडी होती.

ताडाची पोय कोयत्याने हलकेच तासली की तिच्यातून रस ठिबकायला लागतो. भल्या पहाटे उतरवलेला रस गोड असतो, तीच नीरा. पण मडक्यात आणि हवेत असलेलं यीस्ट त्या साखरेवर लगेच तुटून पडतं. ऊन चढेपर्यंत रसाला फेस येतो, दुपारी तो झिंग आणतो आणि संध्याकाळपर्यंत आंबट होतो. आणखी ठेवला तर त्याचा शिरका होतो. ताडी चढवणारं यीस्ट आणि पीठ फुगवणारं यीस्ट एकाच जातीचं. साखर खाऊन ते एकीकडे मद्यार्क तयार करतं आणि दुसरीकडे वायू. ताडीत मद्यार्क उरतो आणि वायू उडून जातो. भट्टीतल्या पावात मद्यार्क उडून जातो आणि वायूने केलेली जाळी उरते.

हे नातं नीट बघायचं असेल तर वसईतल्या ख्रिस्ती घरच्या लग्नात फुगे करताना बघावेत. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर, मीठ आणि जुन्या रीतीप्रमाणे ताडी. हे सगळं हाताने फेटून फेटून सैलसर करायचं आणि झाकून ठेवायचं. पीठ दुप्पट होऊन वर आलं की करणारी बाई ओल्या मुठीत ते घेते आणि मूठ आवळते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून लिंबाएवढा गोळा वर येतो, तो चिमटून तेलात सोडायचा. तेलात पडल्या पडल्या तो टम्म फुगतो आणि आपला आपणच उलटतो. गरम फुगे आणि शिरक्यातलं आंबट-तिखट इंद्याल ही जोडी ज्याने खाल्ली त्याला पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. या एका पंगतीत ताडी तीन रूपांत हजर असते: पेल्यात, पिठात आणि रश्श्यातल्या शिरक्यात.

याच ताडीपायी पाव बराच काळ बाटलेला समजला गेला. विहिरीत पावाचा तुकडा टाकून अख्खं गाव बाटवलं, अशा कथा वसईतही सांगतात आणि गोव्यातही. त्यांतल्या किती खऱ्या, हा वेगळा विषय. पण पाव हा परक्या धर्माचा, त्यात ताडीने आंबवलेला, म्हणून सोवळ्याच्या घरात त्याला मज्जाव होता, एवढं त्या कथांवरून नक्की कळतं. आज त्याच पावाशिवाय मुंबईचा दिवस सरत नाही.

बशीतली बाकीची मंडळीही अशीच जहाजाने आलेली. मिरची मूळची अमेरिकेतली, ती पोर्तुगिजांबरोबर इथे उतरली. टोमॅटो तिथलाच, पण तो मागाहून आला. चखण्याच्या वाटीतला शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला. कांदा आणि हळद तेवढी आपली जुनी.

आता रात्रीकडे वळू. ताडी हे मुळात रात्रीचं पेय नव्हे. तिचा भर सकाळ-दुपारचा, संध्याकाळी तर ती आंबून जाते. भंडाऱ्याने ती उतरवायची, लोकांनी झाडाखालीच बसून प्यायची, बरोबर निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत हे बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने दोरीवर टांगतात आणि उन्हात वाळवतात. भाजला की तो कुरकुरीत होतो आणि त्याचा खारटपणा ताडीच्या गोड-आंबट चवीला बरोबर पेलतो. हा आमच्याकडचा सगळ्यात जुना चखणा असावा असं मला वाटतं.

पिण्याला अंधारात ढकललं ते सरकारने. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताड छेदायला परवाना आणि झाडामागे कर आला. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावर निर्बंध घातले. आजचा पालघर जिल्हा तेव्हा ठाण्यातच होता. २०१४ साली तो वेगळा निघाला. आदिवासी पाड्यांत मोहाची फुलं दारूइतकीच पोटासाठीही लागत, उपासमारीच्या दिवसांत ती भाजून, शिजवून खाल्ली जात. तरीही ती गुन्ह्याची वस्तू झाली. महसुलासाठी गरिबाच्या अंगणातलं झाड आणि टोपलीतलं फूल हिसकावून घेणारे हे कायदे मला आजही संतापजनक वाटतात. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि पुढच्या वर्षापासून मुंबई राज्यात संपूर्ण बंदी लागू झाली.

त्या काळात हातभट्टी खाडीकाठच्या झाडीत गेली आणि मुंबईत चोरून दारू विकणाऱ्या आंटींचे अड्डे उभे राहिले. तिथे ग्लासाबरोबर उकडलेले चणे मिळत, नाहीतर मीठ-मिरपूड लावलेलं उकडलेलं अंडं. लपूनछपून प्यायचं म्हणजे पटकन प्यायचं, आणि पटकन पोटात काहीतरी ढकलायचं. पुढे बंदी सैल झाली, परवान्यावर दारू मिळू लागली. बारच्या पाटीवर अजूनही 'परमिट रूम' असतं ते त्यामुळेच. भुर्जीची गाडी मला आंटीच्या अड्ड्यावरच्या त्या अंड्याची पुढची पिढी वाटते.

गाडीला गिऱ्हाईक दिलं रेल्वेने. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंतची पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. तेव्हा विरार म्हणजे वाड्या, मिठागरं आणि भातखाचरं. शंभर-सव्वाशे वर्षांत त्याच रुळांवरून लाखो माणसं इथे राहायला आली. काम मुंबईत, घर विरारला, आणि मध्ये दीड तासाहून जास्त प्रवास. परतणाऱ्याच्या घरात निजानीज झालेली असते. एवढ्या उशिरा बायकोला किंवा आईला उठवायला जीव होत नाही, उपाशी झोपवत नाही. अंड्याला फ्रिज लागत नाही, शिजायला तीन मिनिटं पुरतात. ऐंशीच्या दशकात कुक्कुटपालन वाढलं, अंडं बारमाही आणि परवडणारं झालं, आणि गाडीवाल्याचा धंदा बसला.

बाकी काम शरीर करतं. यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडण्याचं त्याचं काम मंदावतं. शरीरातलं पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दारूने दबतं, म्हणून लघवी वाढते आणि घशाला कोरड पडते. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं की उंदरांना दारू दिल्यावर मेंदूतल्या भूक चेतवणाऱ्या पेशीच जाग्या होतात आणि उंदीर नेहमीपेक्षा जास्त खातात. त्या पेशी गप्प केल्या तर ते जादा खाणंही थांबतं. दारूत उष्मांक भरपूर, तरी पोट रिकामं आहे असा निरोप मेंदूला जातो. म्हणून त्या वेळी वरणभात आठवत नाही. तेल, मीठ, तिखट आणि पिठूळ असं काहीतरी हवं असतं, आणि भुर्जीपावात हे चारही आहेत.

गाडी गाठता आली नाही की घरातले प्रयोग सुरू होतात. फरसाणात कांदा-लिंबू, कच्च्या मॅगीचा चुरा तिखट-मीठ लावून, शिळ्या चपातीत चिवड्याची गुंडाळी. कोळीवाड्याच्या आसपासच्या घरांत सुका जवळा असतोच. तो तव्यावर कोरडा भाजून, धुऊन, कांदा आणि कोकम घालून परतला की पावात भरता येतो, आणि माझ्या मते भुर्जीला तोडीस तोड उतरतो. पण सगळ्यात अस्सल म्हणाल तर लग्नघरचे उरलेले फुगे. दुसऱ्या रात्री ते मधोमध चिरायचे, जराशा तुपावर शेकायचे आणि आत कडक भुर्जी कोंबायची. फुगे ताडीचे असतील तर त्यांचा किंचित आंबूसपणा अंड्याच्या तिखटात उठून दिसतो. यीस्टच्या पुडीचे असतील तर वरून लिंबू पिळावं लागतं.