दंडकोसॉरस : एका अस्थीचा इतिहास व त्याच्या मर्यादा

प्रस्तावना :
कर्जत व खालापूर तालुक्यांतील डोंगर दख्खन ट्रॅपच्या काळ्या पाषाणाचे आहेत. कोंढाणे येथील लेणी याच पाषाणात कोरलेली आहेत, इरशाळगडही त्याचाच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतील लाव्हा थरावर थर साचून हा प्रदेश घडला. जुरासिक कालखंड मात्र सुमारे १४.५ कोटी वर्षांपूर्वीच संपला होता. त्यामुळे येथील पाषाणात जुरासिक डायनोसॉरचे अवशेष मिळणे संभवत नाही. त्या काळातील खडक पाहण्यासाठी राज्याच्या पूर्व टोकास, गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा परिसरात जावे लागते. त्या खडकांशी निगडित अशा एका अल्पपरिचित मांसाहारी डायनोसॉरचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कोटा शैलसमूह :
सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा हे गाव आहे. त्याच्या नावाने ओळखला जाणारा शैलसमूह महाराष्ट्र व आजचे तेलंगण या दोन्ही राज्यांत पसरलेला असून तो सामान्यतः पूर्व जुरासिक काळातील मानला जातो. येथील माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच अभ्यासकांना ज्ञात झाले होते. पुढे याच शैलसमूहातून 'बारापासॉरस टागोराय' हा महाकाय शाकाहारी प्राणी उजेडात आला. १९७५ साली त्याचे नामकरण झाले. किमान सहा प्राण्यांच्या सुमारे ३०० अस्थी मिळूनही त्याची कवटी सापडली नाही.

दंडकोसॉरस :
१९८२ साली पी. यादगिरी यांनी याच शैलसमूहातील एका मांसाहारी डायनोसॉरला 'दंडकोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. त्यासाठी आधार होता तो कटिभागातील जघनास्थीच्या एका तुकड्याचा. या अस्थीवरून प्राणी थेरोपॉड, म्हणजे दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरांच्या गटातील होता, एवढे म्हणता येते. परंतु त्याला इतर जातींपासून निश्चितपणे वेगळे ठरविण्यास हा पुरावा अपुरा पडतो. म्हणून अभ्यासक त्यास 'संदिग्ध नाम' मानतात. त्याचे दात, आहारातील भक्ष्य अथवा बारापासॉरसशी त्याचा संबंध यांविषयी केलेले कोणतेही चित्रण कल्पनेच्याच कक्षेत राहते.

निष्कर्ष :
नाव संदिग्ध ठरले तरी अस्थी खोटी ठरत नाही. त्या खोऱ्यात शाकाहारी महाकायांबरोबर मांसाहारी डायनोसॉरही वावरत होते, एवढी साक्ष ती देते. त्यापलीकडे ती मौन पाळते. कर्जत-खालापूरच्या पाषाणाचे मौनही असेच समजून घ्यावे लागते. तेथे जुरासिक अवशेष नाहीत, यावरून त्या काळी तेथे प्राणी नव्हते असे सिद्ध होत नाही. तो काळ सांगणारे खडक तेथे उघडे नाहीत, एवढेच सिद्ध होते. पुरावा नसणे आणि घटना न घडणे यांतील हा भेद जीवाश्मांच्या अभ्यासकाइतकाच इतिहासाच्या अध्यापकालाही मोलाचा आहे.