हेगरस्ट्रांड, टोर्स्टेन

(११ ऑक्टोबर १९१६ – ३ मे २००४). स्वीडिश भूगोलज्ञ व काल-भूगोल या अभ्यासपद्धतीचे प्रवर्तक. रस्ते, रूळ आणि वाहने यांची मोजदाद म्हणजे वाहतुकीचा अभ्यास, असा समज रूढ असताना त्यांनी प्रवास करणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस विचारात घेतला. जन्म स्मोलांड प्रांतातील मोहेडा येथे. वडील शाळामास्तर. उच्च शिक्षण लुंड विद्यापीठात आणि पुढची कारकीर्दही तेथेच. १९५३ मध्ये डॉक्टरेट, १९५७ मध्ये प्राध्यापकपद आणि १९७१ पासून १९८२ मध्ये निवृत्त होईपर्यंत खास संशोधन-प्राध्यापकपद.

त्यांच्या पुढच्या सगळ्या विचाराचे मूळ आस्बी या दक्षिण स्वीडनमधील लहानशा धर्मग्रामाच्या दप्तरात सापडते. स्वीडनमध्ये कोण कुठून आले, कुठे गेले, कोणाचे लग्न झाले, कोण वारले, याच्या नोंदी पाद्री पिढ्यान् पिढ्या ठेवत आले होते. हेगरस्ट्रांड आणि त्यांच्या पत्नी ब्रिट यांनी सुमारे शंभर वर्षांच्या या नोंदी उपसल्या आणि एकेका रहिवाशाचा माग काढला. जनगणनेच्या तक्त्यात माणूस आकड्यात विरघळून जातो. येथे मात्र प्रत्येकाच्या आयुष्याची स्वतंत्र रेघ हाती आली. बहुतेक स्थलांतरे जवळपासचीच होती, तर काही थेट अमेरिकेपर्यंतची. दोन्ही एकाच कागदावर दाखवण्यासाठी त्यांनी आस्बी केंद्रस्थानी ठेवून असा नकाशा काढला की त्यात जवळची अंतरे ताणली जावीत आणि दूरची आखडावीत. गावकऱ्याला जग कसे भासते, ते हा नकाशा नेहमीच्या नकाशापेक्षा खरेपणाने सांगतो.

१९५३ च्या प्रबंधाचा विषय नव्या गोष्टींचा प्रसार हा होता. कुरण-सुधारणेचे सरकारी अनुदान, गुरांच्या क्षयावरील नियंत्रण, टेलिफोन, मोटारगाडी अशा गोष्टी कोणत्या शेतावरून कोणत्या शेतावर पोहोचल्या, हे त्यांनी तपासले. स्कोने प्रांतात मोटारगाडी कशी पसरत गेली, यावर त्यांचा त्याआधीचा, १९५२ चा अभ्यास आहे. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे बातमी जाण्याची शक्यता अंतरानुसार किती घटते, याचा अंदाज त्यांनी स्थलांतराच्या नोंदी व टेलिफोन-संभाषणे यांवरून बांधला. त्यासाठी पाच-पाच किलोमीटरच्या पंचवीस चौकटींची जाळी आखली आणि यादृच्छिक आकड्यांच्या आधारे हाताने प्रसाराचा खेळ मांडून पाहिला. भूगोलातील सादृशीकरणाचा हा अगदी सुरुवातीचा नमुना. भूगोलज्ञ ॲलन प्रेड यांनी १९६७ मध्ये या प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद केला, तोवर त्याची ख्याती स्वीडनबाहेर पोहोचलेली होती.

काल-भूगोल : १९६९ मध्ये कोपनहेगन येथे प्रादेशिक विज्ञान संघटनेच्या युरोपीय परिषदेत त्यांनी अध्यक्षीय भाषण केले. प्रादेशिक विज्ञानात माणसांचे काय, असाच त्याचा सूर होता. १९७० मध्ये ते छापून आले. त्यातली मांडणी साधी आहे. माणूस एका वेळी एकाच जागी असू शकतो. एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्यात वेळ जातो. आणि दिवसाचे तास वाढवता येत नाहीत. आडव्या पातळीवर नकाशा आणि उभ्या अक्षावर काळ घेतला, की प्रत्येकाची वर चढत जाणारी एक मार्गरेषा तयार होते. घरी बसलेल्या माणसाची रेषा सरळ उभी, प्रवाशाची तिरपी, आणि वाहन जितके वेगवान तितकी ती आडवी होत जाते. सभा, शाळेचा वर्ग किंवा दुकानातला व्यवहार म्हणजे अशा अनेक रेषांची काही काळापुरती बांधलेली जुडी.

या रेषेवर तीन प्रकारची बंधने येतात. झोप, जेवण, पायी चालण्याचा वेग, हाताशी असलेले वाहन ही क्षमतेची बंधने. दुसऱ्या माणसांशी किंवा साधनांशी ठरल्या वेळी, ठरल्या जागी गाठ पडलीच पाहिजे, हे जुळणीचे बंधन. कचेरीची वेळ, मालकाचे कुंपण, कायद्याची मनाई ही अधिकाराची बंधने. वाहतूक-नियोजकांचे लक्ष बहुधा पहिल्या प्रकारावर, त्यातही वेगावरच खिळते. प्रत्यक्षात लोकांची अडचण पुष्कळदा होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराने.

दोन ठरलेल्या कामांमधल्या मोकळ्या वेळात माणूस जिथवर पोहोचू शकतो, त्या सगळ्या शक्यतांच्या आकृतीला लोलक म्हणतात. समजा, एखाद्याला तासाभराची सुटी आहे, त्याच जागी परतायचे आहे आणि वाटेतल्या कामाला २० मिनिटे लागणार आहेत. प्रवासाला उरली ४० मिनिटे. ताशी ५ किमी. चालणारा माणूस जेमतेम पावणेदोन किलोमीटरवर जाऊन येईल. ताशी १५ किमी.ने सायकल मारणारा ५ किमी. गाठेल. बस ताशी ३० किमी.ने धावते, पण जाता-येता थांब्यावर दहा-दहा मिनिटे गेली, तर बसचा प्रवासीही ५ किमी.वरच अडतो. दुप्पट वेग थांब्यावरच खर्ची पडला! आणि ज्या कचेरीत काम आहे तिची खिडकी नेमकी त्याच तासात बंद असेल, तर मोटार असूनही उपयोग नाही. फेऱ्या वाढवणे किंवा खिडकीची वेळ बदलणे हे काही वेळा नवा रस्ता बांधण्यापेक्षा स्वस्त आणि गुणकारी का ठरते, हे या हिशेबातून समजते.

त्यांचे सहकारी बू लेनटॉर्प यांनी याच तत्त्वावर संगणकीय प्रणाली तयार केली (१९७६). कार्लस्टाड शहरात बससेवा बदलली, तर घर-नोकरी-पाळणाघर-खरेदी असा एखादा दिनक्रम किती वेगवेगळ्या प्रकारे पार पाडता येईल, याची मोजणी तिने केली. लोक किती प्रवास करतात हे मोजण्याऐवजी त्यांना काय करणे शक्य आहे हे मोजायचे, हा या पद्धतीचा गाभा. मार्गरेषांच्या आकर्षक आकृत्या काढून निव्वळ प्रवासाची डायरी मांडणारे पुष्कळ अभ्यास पुढे झाले. त्यांत हा गाभाच हरवलेला दिसतो.

नियोजनाशी त्यांचा संबंध पुस्तकी नव्हता. स्वीडनमधील नगरपालिकांच्या पुनर्रचनेत त्यांनी सल्लागार म्हणून भाग घेतला. शाळा व इतर सेवा परवडतील एवढी लोकसंख्या प्रत्येक पालिकेत असावी, हे तिचे सूत्र होते. १,००० हून अधिक पालिका १९७४ पर्यंत ३०० च्या आत आल्या. सेवा सुधारल्या, पण खेड्यातल्या माणसाला कचेरी लांब पडली, हेही खरे. लोकसंख्येच्या व मालमत्तेच्या नोंदींना नकाशावरील सहनिर्देशक जोडावेत, ही सूचना त्यांनी १९५५ मध्येच केली होती. भौगोलिक माहिती प्रणाली हा शब्दप्रयोगही तेव्हा प्रचारात नव्हता.

टीका आणि पुढील काम : समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स यांनी ही पद्धत आपल्या सिद्धांतात (१९८४) सामावून घेतली, मात्र तिच्यात सत्तेचा विचार तोकडा आहे असा आक्षेपही घेतला. स्त्रीवादी भूगोलज्ञ जिलियन रोझ यांनी १९९३ मध्ये दाखवले की या आकृत्यांतल्या माणसाला भीती, लिंग, वर्ण काहीच नाही; तो कुठेही बिनधास्त वावरतो. आक्षेप रास्त आहे. तरीही स्त्रियांच्या प्रवासावरील भक्कम अभ्यास याच पद्धतीतून निघाले, हेही नोंदवायला हवे. रिसा पाम व ॲलन प्रेड यांनी १९७४ मध्येच पाळणाघराच्या वेळांमुळे एकट्या आईला नोकऱ्या कशा नाकाराव्या लागतात, हे मांडले होते. भूगोलज्ञ मेइ-पो क्वान यांनी अमेरिकेच्या ओहायओतील कोलंबस परिसरात १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासात स्त्रियांची शहरातील पोहोच पुरुषांपेक्षा कमी भरली. अंतरावर आधारलेल्या नेहमीच्या मापांत हा फरक दिसतच नव्हता.

हेगरस्ट्रांड यांना १९९२ मध्ये भूगोलातील व्होत्रँ ल्यूद पुरस्कार मिळाला. उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष माणसांबरोबरच झाडे, जनावरे, वस्तू अशा सर्वांनी मर्यादित जागेत एकमेकांशेजारी कसे राहायचे, या प्रश्नाकडे वळले. या विषयावरील त्यांचे अखेरचे स्वीडिश पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.