बेडकाचे हृदय आणि नळाचे पाणी

अपघात विभागात आलेल्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम फार वाढले असेल आणि ईसीजीत हृदयावर परिणाम दिसत असेल, तर डॉक्टर आधी शिरेतून कॅल्शियम देतात. या इंजेक्शनाने पोटॅशियम मुळीच कमी होत नाही. मग ते कशासाठी? उत्तर शोधायला आपल्याला लंडनच्या एका प्रयोगशाळेत जावे लागेल.

युनिव्हर्सिटी कॉलेजातील डॉ. सिडनी रिंगर बेडकाचे हृदय शरीराबाहेर चालू ठेवण्याचे प्रयोग करत होते. साध्या मिठाच्या द्रावणात ते उत्तम चालते, असे त्यांना १८८२ साली वाटले. पुढे कळले, की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केले होते! शुद्ध पाण्यातल्या द्रावणात ठोके मंदावून थांबले. कॅल्शियम घालताच पुन्हा सुरू झाले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमनेच किमया केली होती. १८८३ मध्ये रिंगर यांनी हे प्रसिद्ध केले. पोटॅशियम जास्त झाले तर हृदय शिथिल होऊन थांबते आणि कॅल्शियम त्याला विरोध करते, हेही त्यांच्या प्रयोगांतून दिसले.

याचे कारण आज आपल्याला माहीत आहे. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तद्रवात ते दर लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल एवढेच. आतल्या-बाहेरच्या या फरकावर पेशीपटलाचा विद्युतदाब अवलंबून असतो. बाहेरचे पोटॅशियम वाढले, की हृदयाची लय बिघडते.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले, तेव्हा ढिगाऱ्याखाली तासन्‌तास हातपाय चिरडलेली माणसे जिवंत बाहेर काढली गेली. सुरुवातीला ती बरी वाटत. नंतर मूत्रपिंडे निकामी होऊन काही जण आठवड्याभरात दगावत. एरिक बायवॉटर्स आणि डेसमंड बील यांनी १९४१ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले. चिरडलेल्या स्नायूंतून पोटॅशियम रक्तात येते आणि ते बाहेर टाकणारी मूत्रपिंडेच बंद पडलेली असतात. भूकंपानंतर ढिगाऱ्यातून सुटलेल्यांनाही हाच धोका असतो.

अशा वेळी कॅल्शियम हृदयाला थोडा अवधी मिळवून देते, एवढेच. तेवढ्यात इन्शुलिन व ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींत ढकलतात. गरज पडल्यास डायलिसिसने ते शरीराबाहेर काढतात.

प्रयोगवहीत ‘पाणी’ एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण जरूर विचारावे: कुठले पाणी?