तळटीप ७ : ‘टाकीत दूध झालं’

७. टाकीत दूध झालं : ठिबकमधून विद्राव्य खते सोडताना टाकीतले पाणी पांढरे होणे. प्रसंग जिथला ती काष्टी (ता. श्रीगोंदा, जि. अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर) जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असली, तरी इथे संदर्भ गावच्या बागायतीचा आहे. प्रसंगातली दोन्ही खते, कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:० (मोनो अमोनियम फॉस्फेट), एकेकटी पाण्यात पूर्ण विरघळतात. एकाच टाकीत आली की कॅल्शियमची फॉस्फेटशी गाठ पडते आणि कॅल्शियम फॉस्फेट तयार होते. बोअरच्या जड पाण्यात तर लवकरच. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पांढरा साका (पाठ्यपुस्तकातला ‘अवक्षेप’) खाली बसतो. तेव्हा खत बनावट नव्हते. दुकानदारावर घेतलेला संशय अन्यायाचा होता, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. नुकसान मात्र खरे आणि दुहेरी : ड्रिपर बुजतात, आणि साक्यात अडकलेले स्फुरद मुळांपर्यंत पोचत नाही. यासाठीच कॅल्शियमचे खत वेगळ्या टाकीतून किंवा वेगळ्या दिवशी सोडतात. मॅग्नेशियम सल्फेटशीही त्याचे जमत नाही : तिथे जिप्सम बनते. ते लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम विरघळत असल्याने पातळ द्रावणात दिसत नाही, घट्ट द्रावणात दिसते. मूळ मजकुरात पुढे येणारे, साका विरघळवण्यासाठीचे ‘आम्ल सोडणे’ फॉस्फेटच्या आणि चुन्याच्या साक्यावर लागू पडते, जिप्समवर फारसे नाही.